नवीन प्रॉडक्ट काढताय? मग सप्लायरला कोटेशनच्या आधी बोलवा

आमचं गोव्यात कुंडईला छोटं युनिट आहे, हॉटेल-कॅन्टीनच्या किचनची मशिनं बनवतो, आणि खाली जे लिहितोय ते बरंचसं एका नारळ खवायच्या मशीनने शिकवलंय. मशीन तसं साधंच, आदोळीवर (नारळ खवायच्या विळीवर) बसून रोज पन्नास नारळ खवायला आता कॅन्टीनवाल्यांना माणूस मिळत नाही, म्हणून मोटरच्या शाफ्टवर दातेरी गोळा, पुढे गार्ड, खाली सोय (खवलेला नारळ) पडायला ट्रे. फेब्रुवारीत प्रोटोटाइप झाला, झकास चालला, एप्रिलमध्ये पहिली दहा मशिनं गिऱ्हाइकांकडे गेली, आणि जुलै लागला तसे फोन सुरू झाले की गार्ड अर्ध्यावर अडकतो. एका ठिकाणी जाऊन बघतो तर आचाऱ्याने गार्डच काढून कपाटावर ठेवलेला आणि उघड्या गोळ्यावर बिनधास्त नारळ धरून काम चालू. माझ्या पोटात गोळा आला.

कारण निघालं गार्डच्या पिनेवरचा नायलॉनचा बुश, म्हणजे पिनेभोवतीची छोटी नळी. नायलॉन ६ हे पाणी पितं, नुसत्या दमट हवेतलंही पितं, आणि पाण्यात बुडवून ठेवलं तर स्वतःच्या वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पितं, आणि प्यायलं की फुगतं. आमचा बुश बाहेरून प्रेस फिट, म्हणजे दाबून घट्ट बसवलेला होता, बाहेर फुगायला जागाच नाही, मग तो आतल्या बाजूला फुगला आणि पिनेला धरून बसला. वर किचनमध्ये रोज पाइपने मशीन धुतात ते वेगळंच. बुश बनवून देणारा माणूस आमच्यापासून दोन शेड पलीकडे बसतो, त्याच्याकडे तणतणत गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "पात्रांव (म्हणजे मालक), तुम्ही ड्रॉइंगवर नायलॉन लिहिलं, मी नायलॉन दिलं. पाण्यातलं काम आहे असं सांगितलं असतं तर मीच म्हटलं असतं डेल्रिन घ्या म्हणून."

डेल्रिन म्हणजे ॲसिटल, ते पाण्यात ठेवलं तरी एक टक्क्याच्या आसपासच पाणी घेतं. एवढीशी माहिती, दोन शेड पलीकडे फुकट पडून होती, आणि आम्ही विचारलं नव्हतं कारण आमच्यात पद्धतच तशी होती: डिझाइनवाला ड्रॉइंग करणार, साहेब सही करणार, पर्चेसवाला तीन ठिकाणी मेल टाकणार, सगळ्यात स्वस्त त्याला पीओ (खरेदीची ऑर्डर). म्हणजे सप्लायरला पहिल्यांदा कळतं तेव्हा सगळं ठरून झालेलं असतं आणि त्याच्यासाठी एकच प्रश्न शिल्लक असतो, रेट काय.

पुढच्या मॉडेलला आम्ही हे उलटं केलं. मोठ्या कंपन्या हे केव्हापासून करतायत, जपानमध्ये टोयोटाकडे सप्लायरचे इंजिनिअर टोयोटाच्या डिझाइन ऑफिसात येऊन बसतात, अमेरिकेत क्रायसलरने १९८९ पासून सप्लायरकडूनच खर्च वाचवायच्या सूचना मागायचा रीतसर कार्यक्रम चालवला. पण तिकडचं वाचून इथे बावीस माणसांच्या युनिटमध्ये काय करायचं ते कळत नाही, म्हणून आम्ही काय केलं तेच सांगतो.

कधी बोलवायचं

ड्रॉइंग अजून पेन्सिलीत असताना. म्हणजे मशीन काय काम करणार, किती बनवणार, साधारण किंमत किती ठेवायची हे ठरलंय पण मटेरियल आणि टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) ठरलेले नाहीत, तेव्हा. त्याच्या आधी बोलवलात तर सांगायला काही नसतं, नुसता चहा होतो, आणि ड्रॉइंगवर रिलीजचा शिक्का पडल्यावर बोलवलात तर सप्लायर सुचवायचं बंद करतो, कारण त्यालाही माहीत असतं की आता हे काही बदलायचे नाहीत. डिझाइनवाल्याचा इगो असतो हो, माझाही होता. पूर्ण थ्रीडी मॉडेल करून, रंग-बिंग देऊन कोणाला दाखवलं की आपण मत विचारत नसतो, शाबासकी मागत असतो. म्हणून आता मी मुद्दाम कागदावरचं हाताने काढलेलं स्केच घेऊन जातो, समोरचा लगेच पेन काढून त्याच्यावर गिरवतो, आणि तेच हवं असतं.

कोणाला बोलवायचं

सगळ्यांना नाही. आमच्या मशीनमध्ये सत्तरेक पार्ट आहेत, त्यातले निम्मे स्क्रू, वायर, स्विच, ऑइल सील, बेअरिंग असले, त्यांच्यासाठी कोणाला बोलवायची गरज नाही, फक्त डीलरला फोन करून विचारा की हा साइज नेहमी स्टॉकला असतो का. आम्ही एकदा हौसेने भलत्याच साइजचं बेअरिंग टाकलेलं आणि ते दर वेळी मुंबईहून मागवायला लागायचं, आता ६२०३ टाकतो, मडगावात कुठल्याही दुकानात मिळतं.

ज्याला टूलिंग (साचा, डाय) लागतं तो पार्ट, ज्याला यायला महिने लागतात तो पार्ट, आणि जो बिघडला तर गिऱ्हाइकाचा फोन येतो तो पार्ट, एवढ्यांचे सप्लायर पकडा. आमच्याकडे असे पाच निघाले: ॲल्युमिनियमची बॉडी ओतणारे, मोटरवाले, प्लास्टिक कव्हरवाला, बुशवाला आणि पावडर कोटिंगवाला. शेवटचं नाव वाचून आमचा पर्चेसवाला हसला होता, कोटिंगवाल्याला कोण डिझाइन मीटिंगला बोलवतं. पण त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

एका पार्टला एकच सप्लायर धरा. हे सगळ्यात अवघड जातं कारण तीन कोटेशनची सवय रक्तात असते. पण विचार करा, तिघांना बोलवून तिघांच्या आयडिया गोळा करायच्या आणि ऑर्डर तिसऱ्यालाच द्यायची, हे एकदाच करता येतं, गोव्यात धंदा एवढासा आहे की दुसऱ्या वेळी वेर्ण्यापासून पिळर्णपर्यंत सगळ्यांना माहीत झालेलं असतं. निवडताना रेट बघू नका, त्याची शेड बघा, त्याच्याकडे याच जातीचं काम आधी झालंय का बघा, रिजेक्शनचा ढीग कुठे ठेवतो बघा (लपवून ठेवत असेल तर विचार करा), आणि तो तुम्हाला प्रश्न विचारतो का ते बघा. जो प्रत्येक गोष्टीला "होऊन जाईल साहेब" म्हणतो त्याची मला आता भीतीच वाटते.

जाताना काय घेऊन जायचं

एक पान पुरतं. मशीन कुठे बसणार, कोण वापरणार, कशाने धुणार, दिवसात किती वेळ चालणार, वर्षाला किती नग, सुरुवातीला किती नग, आणि त्या पार्टला आपल्याला किती पैसे परवडतात. शेवटचा आकडा लपवू नका, त्याच्यावर पुढे बोलू. आणि नगांचा आकडा फुगवून सांगू नका. सगळे फुगवतात, वर्षाला दोन हजार जातील म्हणतात, मग समोरचा दोन हजारांच्या हिशेबाने डाय सुचवतो आणि प्रत्यक्षात जातात तीनशे, आणि डायचे पैसे कुठे वसूल करायचे यावरून भांडणं.

याचं उदाहरण आमच्या प्लास्टिक कव्हरचं. मी एबीएस प्लास्टिकचं इंजेक्शन मोल्डिंग डोक्यात धरून बसलेलो, रिब्ज (आतल्या आधाराच्या पट्ट्या) भिंतीच्या जाडीच्या निम्म्याच ठेवायच्या म्हणजे बाहेरून खड्डा दिसत नाही वगैरे सगळा अभ्यास करून गेलो होतो. मोल्डवाल्याने नगांचा आकडा वाचला आणि कागद परत दिला. म्हणाला तीनशे नगांसाठी मोल्ड करू नका, एफआरपीमध्ये (फायबरग्लासमध्ये) काढा, गोव्यात होडीवाल्यांमुळे एफआरपीचं काम करणारे हात भरपूर आहेत, साचा स्वस्तात होईल, हजाराच्या वर गेलात की माझ्याकडे या. म्हणजे आलेलं काम त्याने स्वतःच्या तोंडाने परत पाठवलं. हे कोटेशन मागवलं असतं तर झालं असतं का? त्याने गुपचूप मोल्डचा रेट टाकला असता आणि आम्ही पीओ काढला असता.

मोटरवाल्यांचं थोडक्यात सांगतो. आम्ही सतत चालणाऱ्या ड्यूटीची एक एचपी मागत होतो, त्यांनी विचारलं सलग किती वेळ चालते, आम्ही कॅन्टीनमध्ये जाऊन घड्याळ लावून बसलो, सकाळी चाळीस मिनिटं आणि तीसुद्धा थांबत थांबत, अर्धी एचपी पुरली. त्याच पैशात धुलाईच्या पाण्याला टिकणारी आयपी ५५ बॉडी आली.

मीटिंग त्यांच्या शेडमध्ये करा

आपल्या एसी केबिनमध्ये बोलवलं की सप्लायर इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि मान डोलावतो. त्याच्या मशीनपाशी उभं राहिलं की बोलायला लागतो. आम्ही बॉडीसाठी बेळगावला उद्यमबागेत गेलो, चोर्ला घाटातून सकाळी निघालो, मी, डिझाइनचा पोरगा आणि क्वालिटीवाली ताई. पर्चेसवाल्याला मुद्दाम नेलं नाही, तो असला की गप्पा रेटवर जातात, बिचाऱ्याचा दोष नाही, त्याचं इन्क्रिमेंटच त्यावर ठरतं.

फाउंड्रीवाले काका साठीचे, बोटांना काळं लागलेलं. ड्रॉइंग टेबलावर पसरलं, चष्मा वर केला आणि एकेका भोकावर बोट ठेवत गेले.

"हे होल एवढं टाइट कशाला ठेवलंय की ओ?"

डिझाइनचा पोरगा म्हणाला, "एच ७ आहे काका, बेअरिंग बसतं."

"ते ४० चं होय, तिथं बसतंय. मी हे विचारतोय, हे वरचं."

वरच्या भोकातून वायर जाते. फक्त वायर. पोराने सगळ्या भोकांना एकच टॉलरन्स चिकटवून दिलेला, कॉपी पेस्ट. आता ४० एमएमच्या भोकाला एच ७ म्हणजे २५ मायक्रॉनची मुभा, त्यासाठी बोअरिंग करायला लागतं, गेज लागतो, दर नग तपासायला लागतो. तसली सहा भोकं होती, त्यातली दोन बेअरिंगची खरी, बाकी चार ड्रिल मारून सोडली तरी चालणार होती. काकांनी पेनाने चार गोल काढले आणि म्हणाले, या चार गोलांचे पैसे तुम्ही मला प्रत्येक नगाला देणार होतात, मला काय, मी घेतले असते.

मग भिंतीच्या जाडीवर आले. भिंत आमची ५ एमएम आणि बोल्टसाठी दिलेला बॉस भला थोरला, २२ एमएमचा भरीव गोळा. पातळ भिंत आधी थंड होते, जाड गोळा नंतर, आणि तो आकसताना त्याला बाहेरून धातू मिळत नाही म्हणून आत पोकळी राहते, नेमकी तिथेच आम्ही टॅप मारणार (आटे पाडणार). काकांनी कपाटातून दुसऱ्या कोणाचा तरी कापलेला नग काढून दाखवला, आत स्पंजासारखं. डिझाइनचा पोरगा तो तुकडा पाच मिनिटं हातात फिरवत बसला होता, कॉलेजात जे चार वर्षांत डोक्यात गेलं नाही ते तिथे गेलं. बॉस आतून पोकळ केला, बाजूने दोन रिब्ज दिल्या, उभ्या भिंतींना उतार दिला म्हणजे पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) वाळूतून सुटताना साचा फाटत नाही.

मिश्रधातूवर मात्र वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. ओतलेली बॉडी कापणाऱ्या मशिनिंगवाल्याला एलएम ६ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू नको होता, त्यात सिलिकॉन १० ते १३ टक्के असतं, ते टूल खातं. काकांचं म्हणणं, तुमच्या गोव्याच्या खाऱ्या हवेत तांबं असलेला ॲलॉय टाकलात तर वर्षभरात पांढरी पावडर धरेल, एलएम ६ समुद्राला टिकतो. शेवटी टूलचा खर्च धरून एलएम ६ च ठरलं. असे वाद होतात तेव्हा दोन्ही सप्लायर एकाच टेबलावर पाहिजेत, नाहीतर आपण निरोप्या होतो आणि निरोपात अर्धं गळतं.

विचारायचे प्रश्न मी आता मोबाइलमध्ये ठेवलेत, फार नाहीत: यातलं काय करायला तुम्हाला त्रास होणार? कुठला आकडा सैल केला तर स्वस्त होईल? असाच पार्ट आधी केला असेल तर त्यात काय फेल गेलं? तुमच्याकडे नेहमी पडून असणारं मटेरियल, जाडी, साइज कुठला? आणि हे तुमच्या घरच्या पैशाने बनवायचं असतं तर कसं बनवलं असतं? शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त माल निघतो.

पावडर कोटिंगवाला

आता त्याच्याबद्दल. आमचा बेस शीटमेटलचा, चार पाय चौकोनी पाइपचे, टोकं वेल्ड करून बंद केलेली, दिसायला एकदम नीट. कोटिंगवाल्याने पाय हातात घेतला, हलवला, आणि विचारलं याला भोक कुठे? कोटिंगच्या आधी पार्ट सात टाक्यांतून जातो, तेल काढायचं, गंज काढायचा, धुवायचं, फॉस्फेट वगैरे. वेल्डला सुईएवढं जरी भोक राहिलं तरी ते केमिकल पाइपच्या आत शिरतं, बाहेर यायला वाट नाही, मग ओव्हनमध्ये फुसफुसून बाहेर येतं आणि रंगाला फोड, किंवा आतच राहून पाय आतून गंजतो. म्हणून प्रत्येक पाइपला खालून निथळायला एक आणि वरून हवा यायला एक भोक द्या, म्हणाला. दुसरं, तुमच्या शीटच्या कडा सुरीसारख्या आहेत, धारेवर पावडर टिकत नाही, तिथून गंज सुरू होतो, कडा मारून गोल करा. आणि तिसरं, टांगायला हुक कुठे लावू, जिथे लावीन तिथे रंग लागणार नाही, ती जागा तुम्हीच दाखवा नाहीतर माझी पोरं समोरच लावतील.

दहा मिनिटांचं बोलणं. जुन्या मॉडेलला पायाच्या गंजाच्या तक्रारी का येत होत्या ते तेव्हा कळलं, आम्ही दोन वर्षं कोटिंगवाले बदलत होतो.

पैशाचं बोलणं

लवकर बोलवलं म्हणजे घासाघीस करायची ताकद आपण सोडली, असं आमच्या शेठचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नाही. एकाच माणसाशी बोलून डिझाइन त्याच्या मशीनप्रमाणे झालं की तो उद्या रेट वाढवू शकतो. त्यावर आम्ही केलं ते असं. पहिल्याच दिवशी सांगितलं की हा पार्ट आम्हाला अमुक पैशात बसला पाहिजे, आता कसा बसवायचा ते दोघांनी बघू. मग रेटची फोड मागितली: धातूचं वजन आणि भाव, ओतायचा खर्च, मशिनिंगचा वेळ, रिजेक्शन किती धरलं, नफा किती. नफा मान्य करा, त्यावर घासाघीस करू नका, तुम्ही नफा कापलात तर तो पुढच्या वेळी वजनात लपवेल. बाकीच्या ओळींवर मात्र बिनधास्त बोला, तिथे बचत सापडली तर अर्धी त्याची, अर्धी आपली. धातूचा भाव वर-खाली झाला तर रेट कसा बदलायचा ते पण तेव्हाच लिहून टाका.

आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. पॅटर्न, ट्रायलचे नग, दोन दिवस मशीन अडवलं त्याचं बिल, हे सगळं डेव्हलपमेंटचा वेगळा पीओ काढून. "पुढे मोठी ऑर्डर आहे ना" यावर फुकट ट्रायल मारून घेणाऱ्यांना सप्लायर ओळखून असतात, त्यांची कामं शनिवारी संध्याकाळी सगळ्यात नव्या पोराकडे जातात.

पेमेंट वेळेवर द्या हे सांगायला नको, पण कायदाही तेच सांगतो. सप्लायर उद्यम नोंदणीचा मायक्रो किंवा स्मॉल उत्पादक असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी ठरलेलं असलं तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, लेखी नसेल तर १५ दिवसच. उशीर झाला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज लागतं. असेसमेंट इयर २०२४-२५ पासून इन्कम टॅक्सलाही ते जोडलंय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. सीएने हे सांगितल्यापासून आमचे शेठ स्वतः विचारतात बेळगावचं पेमेंट गेलं का.

कागदपत्रं, जेवढी लागतात तेवढी

एनडीए (गुप्ततेचा करार) साध्या मराठीत किंवा इंग्रजीत दोन पानांचा करा, वीस पानांचा दिलात तर तो वाचणार नाही आणि सही करायलाही घाबरेल. मशीनचा बाहेरचा आकार खास असेल तर कोणालाही दाखवायच्या आधी डिझाइनचा अर्ज टाकून ठेवा, एकदा चारचौघांत उघड झालं की ते नवीन राहत नाही. नोंदणी झाली तर १० वर्षं आणि वाढवून अजून ५ मिळतात. आत काही खरोखर नवीन यंत्रणा असेल तर पेटंटचा प्रोव्हिजनल अर्ज टाका, पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात. सप्लायरने सुचवलेली आयडिया कोणाची, हेही आधी बोलून घ्या. आमचं ठरलंय, प्रोसेसची युक्ती त्याची, मशीनचं डिझाइन आमचं.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती डायवरून. पैसे आपण दिले असतील तर पॅटर्न किंवा डायवर आपलं नाव आणि नंबर पंच करून घ्या, फोटो काढा, आणि परत हवी तेव्हा किती दिवसांत मिळणार ते लिहून घ्या. आमची एक जुनी डाय एका ठिकाणी अडकली ती कायमचीच, तिच्यावर कोणाचंच नाव नव्हतं.

गाड्यांच्या इंडस्ट्रीत नवीन पार्ट सप्लायरबरोबर ठरवून बनवण्यासाठी एपीक्यूपी नावाची पूर्ण पद्धत आहे, १९९४ पासून त्याचं मॅन्युअल आहे, पार्ट मंजुरीची पीपॅपची फाइल १८ मुद्द्यांची असते. एवढं आपल्याला झेपत नाही. त्यातल्या तीन गोष्टी उचला: "हो, हे ड्रॉइंगप्रमाणे आम्ही बनवू शकतो" अशी सप्लायरची लेखी सही, कुठल्या स्टेजला काय तपासणार याचा एक तक्ता, आणि पहिल्या पाच नगांची सगळी मापं.

किती त्याच्यावर सोडायचं

बुश मी पूर्ण बुशवाल्यावर सोडला, फक्त पिनेचं माप, लोड आणि पाणी एवढं सांगितलं. बॉडी दोघांनी मिळून केली. दातेरी गोळा मात्र आमचाच, दाताचा कोन कोणालाही विचारला नाही, सोय कशी पडते त्यावरच आमचं मशीन खपतं. उत्साहात सगळंच बाहेर द्यायचा मोह होतो, तो आवरा. बोइंगने ७८७ विमानाचे मोठाले भाग डिझाइनसकट जगभरच्या सप्लायरांवर सोपवले, जुलै २००७ मध्ये विमान वाजतगाजत लोकांसमोर आणलं तेव्हा त्याला बरेच फास्टनरसुद्धा तात्पुरते लावलेले होते, आणि २००८ ला द्यायचं पहिलं विमान गिऱ्हाइकाला मिळालं सप्टेंबर २०११ मध्ये. सप्लायरला काम सोपवल्यावर ते समजणारा माणूस आपल्याकडे राहिला पाहिजे, आमच्याकडे तो डिझाइनचा पोरगा आहे, दर पंधरा दिवसांनी बेळगावला जातो, आता त्याची भाषापण थोडी "की ओ" झालीय.

ट्रायलचं वेळापत्रक

गोव्यात हे कॅलेंडर बघूनच करा. जून ते सप्टेंबर घाटाचा भरवसा नाही, चोर्ल्यात किंवा अनमोडला काही कोसळलं की गाडी तिकडेच. शिवाय काकांनी सांगितलं की पावसाळ्यात ॲल्युमिनियममध्ये गॅसची भोकं जास्त पडतात, हवेतला आणि मालातला ओलावा वितळलेल्या धातूत हायड्रोजन सोडतो, तेव्हा डिगॅसिंग (धातूतला गॅस काढणं) नीट करायला लागतं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस कोणाकडून काही मागू नका, आपल्याकडेही हेल्पर गावी गेलेले असतात.

पण नेमक्या याच कारणासाठी एक ट्रायल पावसात कराच. आम्ही आता पायलटची पाच मशिनं जुलैत मुद्दाम चालवतो, एक शेडच्या दारात पागोळ्यांखाली ठेवतो, रोज पाइपने धुतो. डेल्रिनचा बुश त्यात पास झाला. ट्रेचे स्क्रू नापास झाले, ३०४ स्टेनलेस म्हणून घेतलेले आणि तीन आठवड्यांत तांबूस डाग, बहुतेक स्वस्तातलं २०२ स्टेनलेस गळ्यात मारलेलं. चुंबकाने हे कळत नाही, तो दोन्हींना जवळजवळ चिकटतच नाही, टेस्टिंगच्या केमिकलचा थेंब टाकून बघायला लागतं. स्क्रूसाठी कोणाला बोलवायचं नाही असं वर मीच लिहिलंय, ते खरंच आहे, पण टेस्ट करायची.

शेवटचं एक. डिझाइन बदलत राहणार, सप्लायर लवकर आत घेतला की जरा जास्तच बदलतं, आणि प्रत्येक बदलाला ड्रॉइंगचं नवीन रेव्हिजन निघतं. आम्ही मेल टाकून मोकळे व्हायचो. एकदा बॉडीचे वीस नग आले आणि वायरचं भोक जुन्याच जागी. फोन केला तर काका म्हणाले मेल आलेला की, मुलाने बघितलाय. तिथे जाऊन बघतो तर मशीनशेजारी भिंतीवर रेव्हिजन ए चिकटपट्टीने लावलेलं, तेलाने पिवळं झालेलं, आणि आमचं चालू होतं सी. तेव्हापासून नियम आहे, नवीन ड्रॉइंग घेऊन आपला माणूस स्वतः जातो, भिंतीवरचं जुनं स्वतःच्या हाताने काढतो आणि घडी घालून परत कुंडईला आणतो.